बुडबुडा राहता कामा नये

गाडी घेऊन आज अकरावा दिवस.
सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक तसंच,
बसलं की मांडीखाली चुरचुरतं.
रंगाला कागदावर भलंमोठं इंग्रजी नाव आहे,
मी सायीचा म्हणते.
बॉनेटवर पूजेचं स्वस्तिक, अजून पुसलेलं नाही.

सांगलीहून मिरजेला ड्युटीवर जाताना
डाव्या हाताला सरफराज सतारमेकरचं दुकान लागतं.
त्याचे आजोबा भोपळ्यावर लाख चढवायचे,
हा गाड्यांवर फिल्म चढवतो.
एक तुकडा दोन बोटांत ताणून म्हणाला,
"आहे का नाही, सांगा सिस्टर!
खडी उडू दे, उसाची ट्रॉली घासून जाऊ दे,
आतल्या रंगाला पत्ता लागायचा नाही."
मग तारेच्या ब्रशनं त्यावर ओरखडे काढले
आणि तुकडा उन्हात धरला.

ओरखडे गेले.
नव्हतेच, असे गेले.

मी सत्तावीस वर्षं जळीत वॉर्डात आहे.
हे एवढं नको होतं दाखवायला.

"किती?"
"फुल बॉडी पंच्याऐंशी. तुम्हाला ऐंशी."
हजार हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही.

श्रेणिक म्हणतो, "ताई, लावच. विकताना भाव येतो."
अकरा दिवस झालेत, आणि हा विकायला निघाला.
शेजारच्या कुसनाळेवहिनींनी
फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक नऊ वर्षं काढलं नाही.
काढलं तेव्हा दार नवंकोरं होतं,
मोटर गेली होती.

फिल्म कशी लावायची ते मला माहीत आहे.
सलाईनची सुई बसली की वर तो पारदर्शक चौकोन,
मधून कडेकडे, अंगठ्यानं, न ताणता.
बुडबुडा राहता कामा नये.
काढताना कातडीला समांतर ओढायचं, सावकाश,
आणि पेशंटशी भलत्याच विषयावर बोलत राहायचं,
म्हशी किती, दूध कुठल्या डेअरीला.

"आणि काढायची कधी?" मी विचारलं.
"सात वर्षं धरा. पिवळी पडली की काढायची,
आत गाडी आजच्यासारखी."
सात वर्षांनी मला रिटायर होऊन वर्ष झालं असेल.
गुडघे आजच्यासारखे नसतील.
गाडी आजची.

परवा आरगच्या पद्मजाला डिस्चार्ज मिळाला.
म्हटलं, चल, स्टँडवर सोडते.
तिची बोटं अजून नीट मिटत नाहीत.
दाराच्या हँडलवरून चारदा घसरली,
पाचव्यांदा नखं रुतवून तिनं ते ओढलं.
मी आत बसले होते.
आतून उघडलं नाही.

हँडलच्या खोबणीत आता चार बारीक रेघा आहेत.
पार्किंगच्या दिव्याखाली मी त्या दोनदा पाहिल्या,
तिसऱ्यांदा बोट फिरवून.

"लिही," मी सरफराजला म्हटलं,
"बॉनेट, पुढचा बंपर, आरसे."
"आणि दारं? अहो, दारंच तर आधी खराब होतात."
"होऊ देत."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, वहीत लिहिलं,
ॲडव्हान्स दोन हजार.

मग पाण्याची बाटली घेऊन बॉनेटपाशी थबकला.
"हे आधी पुसावं लागतंय.
तुम्ही पुसा सिस्टर. मी नाही हात लावणार."

पर्समध्ये स्पिरिटचा कापूस असतोच.
कुंकू लगेच आलं.
हळद सांगलीची,
पाच बोळे झाले तरी पिवळी झाक राहिली,
तिरकं पाहिलं तर दिसेल इतकीच.

"घासू का पॉलिशनं?"
"नको. याच्यावरूनच लाव."

तो वाकला, पाणी फवारलं, फिल्म अंथरली
आणि मधून कडेकडे अंगठा न्यायला लागला.
मी न राहवून म्हटलं, "ताणू नकोस."